हिरव्या भिंतीवरचा चौक

रंगाऱ्याचं काम म्हणजे भिंती रंगवणं, असं लोकांना वाटतं. भिंती कोणीही रंगवील. केवड्याच्या मुळीचा कुंचला हातात द्या, पुढ्यात चुन्याची बादली ठेवा, माझी सासूसुद्धा दुपारपर्यंत एक खोली पांढरी करून देईल आणि वर माझ्याच कामातल्या दोन चुका दाखवील. रंगाऱ्याची खरी परीक्षा कडेला असते. भिंत संपून जिथे दाराची चौकट सुरू होते, हिरवा संपून जिथे पांढरा लागतो, तिथे. बोटभर रुंदीची एक रेघ. ती हलली की सगळ्या खोलीवर बोळा फिरला म्हणून समजा.

आमच्या आळीतले एक मास्तर दिवाळीला एक अंक काढतात. त्यांनी आग्रह धरला की तुम्ही चाळीस वर्षं रेघा ओढल्यात, आता चार ओळी लिहा. मी म्हटलं, मास्तर, माझ्या ओळी भिंतीवरच बऱ्या दिसतात. पण मास्तर ऐकणारे नव्हेत. शिवाय खरं सांगायचं तर एक गोष्ट मला कधीपासून सांगायचीच होती, आणि घरात आता ती ऐकायला कोणी तयार नाही.

माझे वडील कल्याणच्या बंदरावर मचव्यांना रंग द्यायचे. मीही तिथेच शिकलो. मचव्याच्या अंगावरून पुढच्या नाळीपासून मागच्या वरवंडीपर्यंत एक पट्टा ओढायचा असतो. लाकूड वाकडं, फळ्या खालीवर, आणि पट्टा मात्र सरळ दिसला पाहिजे. मचवा पाण्यात उतरला की पाण्याची रेघ शेजारीच असते. आपली वाकडी असली तर अख्ख्या बंदराला दिसते, आणि तांडेल लोक काही तोंडाचे गोड नसतात. वडील एवढंच सांगायचे, "कुंचल्याकडे बघू नकोस. कुठे जायचंय तिकडे बघ." हे कळायला मला दोन वर्षं लागली. कुंचल्याच्या टोकाकडे बघत राहिलं की हात थरथरतो. पुढच्या वितीकडे बघितलं की हात आपोआप मागून येतो.

पुढे ठाण्याला साहेब लोकांचे बंगले वाढले, त्यांचं बघून वकील-मामलेदारांची घरं सजू लागली आणि दारं-खिडक्यांना तेलरंग लावायची हौस सुरू झाली. बंदरावरचं काम कमी होत चाललं होतं. मी मचवे सोडले आणि घरं धरली.

रेघ स्वच्छ कशी येते, हे बऱ्याच जणांनी मला विचारलंय. त्यात गुपित असं फारसं नाही. आधी फट बुजवायची. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये नेहमी फट असते. खडूची भुकटी अळशीच्या तेलात मळली की लांबी तयार होते. ती फटीत भरून बोटाने गुळगुळीत केली नाही, तर देवाने हात दिला तरी रेघ फाटणार. मग चुन्याचं काम आधी उरकायचं, कारण चुना उडतो. मग गेरूत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून मध्ये टिचकी मारायची, म्हणजे भिंतीवर पुसटशी खूण उमटते. रंग फार पातळ नको, पळतो. फार घट्ट नको, अडखळतो. कुंचला खुणेच्या जरा अलीकडे टेकवायचा, रंगाचा थेंब पुढे सरकत खुणेला लागला की श्वास धरायचा आणि ओढायचं.

ज्यांचा हात बसलेला नाही ते कागदाची पट्टी खळीने चिकटवतात आणि तिच्या कडेने रंगवतात. मग पट्टी काढली की रडतात, कारण रंग कागदाखाली शिरलेला असतो. त्यांना मी नेहमी सांगतो की पट्टी चिकटवल्यावर आधी तिच्या कडेवरून खालच्याच रंगाचा एक हात फिरवा. शिरायचा तो रंग शिरू दे, तो जुन्याच रंगात मिसळून जाईल आणि वाट बुजेल. तो वाळला की मग नवा रंग लावा. एवढं साधं आहे, पण धीर कोणाला असतो?

कुंचल्याचीही एक गंमत सांगतो. ठाण्यात खोपटला एका वकिलांच्या देवघराच्या चौकटीवर पिवळी रेघ ओढायची होती. मी मुंबईहून आणलेला विलायती कुंचला काढला. वकिलांच्या आई तिथेच वाती वळत बसल्या होत्या.

"काय रे, कसले केस हे?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पण देवघर समोर होतं. मी म्हटलं, "डुकराचे, माई."

माईंनी वाती खाली ठेवल्या. मला वाटलं, आता पाण्याचा तांब्या येतो अंगावर. पण त्या उठल्या, कातर घेतली आणि सरळ गोठ्यात गेल्या. वासराच्या कानातले केस मूठभर कापून आणले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. "याचा बांध. आणि वासरू लाथ मारत होतं ते तुझ्या नावावर," म्हणाल्या. तो कुंचला मी बांधला. त्याच्याइतका नाजूक हात मला पुन्हा कुठल्याच विलायती मालात मिळाला नाही. माईंना मात्र मी हे कधी सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी मला दर महिन्याला बोलावून ऐकवलं असतं.

आता ती गोष्ट.

खाडीकाठी कोपर गावात हिरोजी नावाचे एक आगरी गृहस्थ होते. मिठागरात बापजाद्यांनी घाम गाळला, ह्यांनी स्वतःची आगरं केली, भातशेती वाढवली आणि विटांचं, चुन्याच्या गिलाव्याचं नवं घर बांधलं. गावात तोपर्यंत सगळ्या भिंती शेणामातीच्या. मिठाच्या खात्यातल्या गोऱ्या साहेबाच्या ठाण्याच्या बंगल्यावर हिरोजींचं जाणं-येणं असे, आणि त्या बंगल्यातली एक खोली त्यांच्या मनात भरली होती. कमरेच्या वरपर्यंत हिरवा तेलरंग, त्यावर पांढरा चुना, आणि दोहोंच्या मध्ये तांबडी रेघ. ते मला कल्याणला शोधत आले.

"मेस्तरी, मना सायबासारका पायजे," म्हणाले. "खालती हिरवा, वरती पांढरा, नि मंदी ती रेग. रेग इसरू नको. नि चकाकी अशी की भितीत माजा तोंड दिसला पायजे."

"तोंड बघायला आरसा आणा, शेठ," मी म्हटलं.

"आरसा पन आनतंव. तू भित कर."

होडीत सामान टाकून मी कोपरला गेलो. मार्गशीर्षात त्यांच्या मुलीचं, हौशीचं लग्न होतं, त्याआधी ओटी तयार हवी होती. घराची ओटी म्हणजे बाहेरची मोठी खोली, लग्न तिथेच लागायचं. खाडीकाठच्या घरांना एक खोड असते. हवेतच मीठ, त्यामुळे भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. मी सगळी भिंत घासली, कढत अळशीचं तेल पाजलं, ते वाळेपर्यंत थांबलो. हिरव्यासाठी जंगालाची हिरवी पूड आणि पांढरा सफेदा पाट्यावर वाटून वाटून माझे खांदे उतरले. तीन हात दिले. आणि शेवटी रेघ ओढली. वासराच्या केसांच्या त्याच कुंचल्याने, ओटीच्या चारी भिंतींवरून, दारांच्या चौकटींना टेकून पुन्हा पुढे.

मी आयुष्यात पुष्कळ रेघा ओढल्या. तशी पुन्हा झाली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कारण त्या दिवशी ती कशी झाली हे मलाही कळलं नव्हतं. रंग जमला होता, उजेड चांगला होता, मन शांत होतं. एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघावं तर कुठे केसाइतका फरक नाही. हिरोजी ती बघायला रोज शेजाऱ्यांना घेऊन यायचे. मी आपला कोपऱ्यात बसून काहीतरी पुसतोय असं दाखवायचो आणि कौतुक ऐकायचो.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी आतल्या दाराची चौकट उरकत होतो. तेवढ्यात ठकाबाय आली. ठकाबाय गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण म्हणजे सर्व काही. हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, ती गाते, आणि विधीही तीच करते. तिचं पहिलं काम म्हणजे ओटीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा. चौकोन, त्याच्या आत वेली, फण्या, चंद्र-सूर्य. चौक लिहिल्याशिवाय हळद लागत नाही, हळद लागल्याशिवाय लग्न नाही.

ठकाबायने काडीचं टोक दातांनी चावून मऊ केलं, पिठात बुडवलं आणि देवाचं नाव घेऊन दाराशेजारच्या भिंतीवर पहिली ओळ ओढली. ओळ भिंतीवर क्षणभर थांबली, मग तिचे थेंब झाले आणि ते माझ्या हिरव्या चकाकीवरून घरंगळत खाली जमिनीवर आले.

तिने पुसून परत ओढली. पुन्हा तेच.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "ह्यो काय केलास रं मेस्तरी? भितीला तेल पाजलास?"

कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. घर नवं, घरातलं पहिलंच लग्न, आणि गावातली पहिलीच तेलरंगाची भिंत. शेणाच्या भिंतीवर पीठ चिकटतं की नाही, हा प्रश्न त्या गावात आजवर कोणाला पडायचं कारणच नव्हतं. मला तर चौक ठाऊकच नव्हता. हिरोजींना ठाऊक होता, पण ते साहेबाच्या खोलीत इतके रंगले होते की साहेबाच्या घरी लग्नं लागत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी म्हटलं, पिठात थोडा डिंक घालून देतो, बसेल. ठकाबाय म्हणाली, "नव्या तांदलाचा पीठ नि पानी. तिसरा काय चालत नाय." हिरोजी म्हणाले, मग फळीवर चौक लिहू आणि फळी भिंतीला टेकवू. त्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "फलीवर लिवू? मंग पोर पन फलीलाच देवा."

बाहेर मांडवात बायका गोळा झाल्या होत्या, त्या हसल्या. पण ते हसू फार टिकलं नाही. नवऱ्याकडची माणसं माजिवड्याची. सोयरीक ठरतानाच मानपानावरून एकदा मोडता मोडता राहिली होती. संध्याकाळी त्यांच्याकडच्या बायका हळदीला यायच्या होत्या. भिंतीवर चौक नाही असं दिसलं तर त्या पाऊल आत ठेवणार नाहीत, हे हिरोजींना चांगलं माहीत होतं. आणि दोष भिंतीला लागत नाही. ठकाबायने ते बोलून दाखवलं: "पोर खोट्या पायगुनाची, असा बोलतील."

मी भिंतीकडे पाहिलं. उपाय मला सुचला होता, पण तोंडातून निघत नव्हता. वरच्या चुन्यावर लिहावं तर पांढऱ्यावर पांढरं दिसणार नाही, म्हणून दाराशेजारची तेवढी जागा रंग काढून उघडी करायची. आणि माझी रेघ बरोबर त्या जागेच्या मधून जात होती.

शेवटी मी सांगितलं. हिरोजींचा चेहरा उतरला. त्यांनी साहेबाच्या कारकुनाला ओटी बघायला बोलावलं होतं. ते भिंतीजवळ गेले, रेघेवरून बोट फिरवलं, परत आले. इतक्यात आतल्या दारातून हौशीचा आवाज आला. ती दारामागे उभी राहून सगळं ऐकत होती.

"बाबा, माजे पायी भित नको फोरू."

एवढंच म्हणाली. आवाज रडवेला होता. हिरोजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "काप, मेस्तरी."

मी ओळंबा लावला. ठकाबाय बघतच होती. "भितीला फाशी देतंस काय?" म्हणाली. ओळंब्याच्या दोरीने दोन उभ्या खुणा केल्या, गेरूच्या दोरीने दोन आडव्या. मग फूटपट्टी धरून सुरीने त्या खुणांवरून रंग खोल चिरला, थेट गिलाव्यापर्यंत. हे महत्त्वाचं, कारण रंग काढणारं औषध चिरेपाशी थांबतं. नाहीतर ते पसरतं आणि कडा कुरतडल्यासारखी होते. माझी रेघ चिरताना हात एकदा थांबला. मग वडिलांचं सांगणं आठवलं आणि पुढे बघितलं.

कळीचा चुना आणि पापडखार एकत्र कालवून त्याचा जाड लेप आतल्या जागेवर दिला. तेलरंगाला याने फोड येतात. फोड आले की खरवडायचं. खरवडायला हिरोजींच्या घरातलं उलथनं घेतलं. आतून बायकांची कुरकूर ऐकू आली, पण उलथनं मिळालं. चुन्याचा दाह मारायला चिंचेचं पाणी फिरवलं, नंतर साधं पाणी. मग शेगडीत निखारे घालून ती भिंतीजवळ धरून बसलो. दुपार कलंडत होती. ठकाबाय दर थोड्या वेळाने येऊन भिंतीला तळहात लावायची, मान हलवायची आणि परत जायची.

भिंत सुकली तशी मी गेरूचा पातळ हात दिला. कडेपर्यंत, चिरेच्या आत, एक थेंबही हिरव्यावर नाही. मग जिथे माझी तांबडी रेघ तुटली होती तिथे तिची दोन्ही टोकं चौरस करून घेतली. तुटलेली दिसू नये, थांबलेली दिसावी, एवढंच करणं माझ्या हातात होतं.

"आता बघ, ठकाबाय," मी म्हटलं.

तिने काडी टेकवली. पांढरी ओळ गेरूवर बसली आणि बसूनच राहिली. मांडवातल्या बायकांनी एकदम गलका केला. ठकाबायने पुढची ओळ ओढली, मग तिसरी. ना दोरी, ना ओळंबा. काडी इथे आणि डोळे तिथे, पुढच्या कोपऱ्यावर. मी कुंचले धुवायचे सोडून बघत बसलो. इतकी वर्षं एकट्याने करत आलेलं काम दुसऱ्या कोणाला करताना बघायला मिळालं की बरं वाटतं.

ऊन उतरता उतरता माजिवड्याच्या बायका आल्या. उंबऱ्यातच थबकल्या. खाली चकचकीत हिरवं, वर पांढरा चुना, मध्ये गेरूचा तांबूस चौकोन, त्यात पांढराशुभ्र चौक. मग त्यांच्यातली एक वयस्क बाई म्हणाली, "असा चौक आमचे गावान कोनाकरं नाय."

हिरोजींची छाती लगेच भरून आली. "कारागीर आनलाय कल्यानशी," ते म्हणाले. "मुद्दाम जागा सोरून घेतली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी सामान बांधून होडी गाठायला निघालो होतो. हळदीच्या गर्दीत रंगाऱ्याचं काय काम? पण ठकाबायने हात धरून मांडवाच्या खांबाशी बसवलं. हौशीला पाटावर बसवलं, आणि धवले सुरू झाले. त्या गाण्यांत एक रीत असते. ज्यांनी लग्नाला काही आणलं त्या सगळ्यांची नावं घेतात. सुतारदादाने पाट आणला, कुंभारदादाने घट आणला, माळीदादाने फुलं आणली. ठकाबाय एक ओळ म्हणायची, बायका मागून म्हणायच्या. रंगारी त्यात कधीच नव्हता. शेणाच्या भिंतींना रंगारी लागतो कशाला?

माळीदादा झाला, आणि ठकाबाय थांबली. भिंतीकडे बघितलं. मग त्याच चालीवर, जणू रोजचंच असल्यासारखं, म्हणाली:

"रंगारीदादानं जागा सोरली गो, आपली रेग त्यानं मोरली."

बायकांनी ती ओळ उचलली. दोनदा म्हटली. हौशीने हळदीचं तोंड वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या माणसाला मी सांगितलं की चुना गेलाय डोळ्यात.

पुढे त्या बाजूच्या गावांत हिरव्या भिंती पुष्कळ झाल्या, आणि प्रत्येकजण आधीच बजावून ठेवायचा, "मेस्तरी, चौकाची जागा सोर." चाळीस वर्षांत मी किती दारं-खिडक्या रंगवल्या, त्या कोणाला आठवत नाहीत. न रंगवलेल्या चौकोनांनी माझं पोट भरलं, असं म्हटलं तरी चालेल.

ठकाबाय जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा खाडीपलीकडच्या एका गावी लग्नाला गेलो होतो. पाहुणा म्हणून, काम म्हणून नव्हे. हात आता कापतो. घर जुन्या पद्धतीचं, भिंती शेणाच्या, रंगाचा कुठे थेंब नाही. हळदीला धवलारीण गाऊ लागली. तरुण पोरगी, पण आवाज खणखणीत. सुतार झाला, कुंभार झाला, माळी झाला, आणि मग तीच ओळ आली. रंगारीदादानं जागा सोरली गो.

गाणं संपल्यावर मी तिला विचारलं, "हा रंगारी कोण गं?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली की म्हाताऱ्याला काहीच कसं ठाऊक नाही. "कोन म्हंजे? कोनी नाय. गान्यान असाच हाय, पयल्यापासून."

मी म्हटलं, "बरं. मग ती ओळ पुन्हा एकदा म्हण."